स्मृतिभ्रंश आणि ‘मी’

डिमेन्शियाला मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात. वैद्यकाने हा शब्द उचलला त्याच्या कितीतरी आधी तो भगवद्गीतेत आहे. दुसऱ्या अध्यायाच्या 63व्या श्लोकात क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि शेवटी माणसाचाच नाश, अशी उतरण सांगितली आहे. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार तिथली स्मृती म्हणजे शास्त्र आणि आचार्य यांच्या उपदेशाने झालेल्या संस्कारांतून येणारी आठवण. सकाळी काय खाल्ले याची नव्हे. पण शब्दाबरोबर ती उतरणही मनात येऊन बसते. निदान झाले की पुढच्या दोन पायऱ्या गृहीत धरल्या जातात: बुद्धी गेली, म्हणजे माणूस गेला. शिवाय साखळी क्रोधापासून सुरू होत असल्याने दोषाची छटाही चिकटते. मेंदूच्या आजाराला हा दोष लावणे सर्वथा अन्यायाचे आहे.

हा अन्याय सर्वांत जास्त बोचतो तो पासष्टीच्या आत आजार जडलेल्यांना. आलॉइस अल्झायमर यांनी 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात जिची लक्षणे नोंदवली ती स्त्री 51 वर्षांची होती. म्हणजे अल्झायमरचा आजार प्रथम ओळखला गेला तोच अकाली रूपात. या वयात नोकरी चालू असते, कर्जाचे हप्ते असतात, मुले शिकत असतात. सुरुवातही नेहमी विसरण्यापासून होत नाही. कधी स्वभाव बदलतो, कधी शब्द सापडत नाहीत. घरच्यांना तो हेकेखोरपणा किंवा कामचुकारपणा वाटतो. ज्याला आजार होतो त्याला मात्र आपल्यातून काहीतरी निसटते आहे हे पुष्कळदा कळत असते.

‘मी’ आठवणींचा बनलेला असेल, तर काय निसटते आहे? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्या मते गतकाळातल्या कृतीपर्यंत जाणीव जिथवर पोहोचते तिथवर व्यक्ती तीच. या मापाने स्मृतिभ्रंश झालेला माणूस दिवसेंदिवस आक्रसत जातो. न्यायदर्शनही स्मृतीला मोठे स्थान देते, पण वेगळे. ज्याने पाहिले त्यालाच आठवते, म्हणून पाहणारा आणि आठवणारा एकच आत्मा असला पाहिजे, असा नैयायिकांचा युक्तिवाद आहे. इथे स्मृती आत्म्याची खूण ठरते, आत्मा नव्हे. खूण पुसली म्हणून वस्तू नाहीशी होत नाही. भेद बारीक आहे, पण या आजारात फार मोलाचा.

स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या गटकार्यशाळा हाच भेद व्यवहारात आणतात. ब्रिटनमध्ये विकसित झालेली ‘कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी’ हा त्यांचा चांगला नमुना. सौम्य ते मध्यम अवस्थेतल्या व्यक्तींचा छोटा गट आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, सुमारे पाऊण तास एकत्र बसतो. गट स्वतःचे नाव ठरवतो, आपले एक गाणे निवडतो. मग खाद्यपदार्थ, बालपण, ताज्या बातम्या, पैसे असे विषय निघतात. या थेरपीतला कळीचा नियम असा की माहिती विचारायची नाही, मत विचारायचे. ‘हा फोटो कुणाचा?’ या प्रश्नावर माणूस नापास होऊ शकतो. ‘या दोघांपैकी कुणाचा चेहरा जास्त आवडतो?’ यावर कुणीच नापास होत नाही. आवड, पसंती, विनोदबुद्धी पुष्कळदा आठवणीइतक्या लवकर जात नाहीत, आणि त्या कुणाच्या तरी असतात. तरुण रुग्णांच्या गटाला याहून अधिक हवे असते: साहेबाला कधी सांगायचे, गाडी चालवणे केव्हा थांबवायचे, दहावीतल्या मुलीला काय सांगायचे. हे त्याच वाटेवरच्या माणसाशीच नीट बोलता येते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी 1997 मध्ये मांडले की व्यक्तिपण हा इतरांनी नात्यातून बहाल केलेला दर्जा आहे. काळजी घेणाऱ्यांच्या वागण्यात या विचाराने मोठा फरक पडला, तरी तो पुरा पडत नाही. दिलेला दर्जा काढूनही घेता येतो. ऑस्ट्रेलियातल्या ज्येष्ठ सरकारी अधिकारी क्रिस्टीन ब्रायडन यांना 1995 मध्ये, 46व्या वर्षी निदान झाले. मरताना मी कोण असेन, हाच प्रश्न शीर्षकात घेऊन त्यांनी 1998 मध्ये पुस्तक लिहिले, आणि ‘स्व’ हरवतो या समजुतीला विरोध करत राहिल्या. त्यांचे व्यक्तिपण कुणी बहाल केलेले नव्हते. त्या स्वतः ते मांडत होत्या.

श्रद्धाळू माणसाची भीती आणखी खोल असते. अंतकाळी जो ईश्वराला स्मरतो तो त्याला प्राप्त होतो, असे गीतेचा आठवा अध्याय सांगतो. मग ज्याला नामच आठवेनासे झाले त्याचे काय? श्रीवैष्णव परंपरा याला वराहाच्या चरमश्लोकाने, म्हणजे वराहरूपी विष्णूने दिलेल्या अंतिम आश्वासनाने, उत्तर देते. शरीर-मन धड असताना ज्याने भगवंताचे चिंतन केले, तो शेवटी लाकडा-दगडासारखा निश्चेष्ट पडला तर भगवंतच त्याची आठवण ठेवतो आणि त्याला परमगतीला नेतो. स्मरणाची दिशाच इथे उलटते. स्कॉटलंडमधले ख्रिस्ती धर्मचिंतक जॉन स्विंटन 2012 मधल्या ग्रंथात याच जागी येतात: माणसाची ओळख त्याला काय आठवते यावर नाही, देवाच्या आठवणीत तो आहे यावर टिकते.

गटात याचे साधे रूप दिसते. गाण्याची ओळ एखाद्याला सुचत नाही तेव्हा बाकीचे ती पुढे नेतात, आणि ध्रुवपदाला त्याचा आवाज पुन्हा मिसळतो. पुढे शब्दही जातात. तेव्हा त्याला त्याच्या नावाने हाक मारून रोजच्या जागी बसवले जाते आणि गाणे सुरू होते.