तरोट्याची वेळ

मृगाचा पाऊस मनासारखा पडला की अर्जुनी मोरगावकडे धानाच्या धुऱ्यांवर म्हणजे बांधांवर, रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत तरोटा उगवतो. कोकणात यालाच टाकळा म्हणतात. रोवणीच्या तोंडावर, बाजारातली भाजी महाग असते तेव्हा, बायका याचे कोवळे शेंडे ओटीत खुडून आणतात. उकडायचे, पिळायचे आणि लसूण-लाल मिरचीच्या फोडणीत भिजवलेल्या चणाडाळीसोबत परतायचे. वास जरा उग्र, चव किंचित कडसर. गरम भाताबरोबर मला याहून चांगली पावसाळी भाजी ठाऊक नाही.

शेतीच्या पुस्तकात मात्र हे तण. या शब्दातून झाडाचा गुण कळत नाही, आपला हिशेब कळतो. गाजर गवत हटवायला तरोट्याचं बी टाका, असं तणांचे अभ्यासकच सांगतात! आयुर्वेदाने याला चक्रमर्द म्हटलं, दद्रुघ्नही म्हटलं. दद्रू म्हणजे गजकर्ण. बिया लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावायची रीत जुनी आहे, आणि त्यातल्या क्रायसोफॅनिक आम्लाचा बुरशीवरचा परिणाम प्रयोगशाळेतही दिसला आहे.

पण खरी विद्या आहे ती वेळेची आणि ओळखीची. पान खायचं ते फूल येण्याआधी. पिवळी फुलं दिसली की भाजी बंद. जून पान रेचक, पोट बिघडवणारं. मग हिवाळ्यात विळ्यासारख्या शेंगा वाळेपर्यंत थांबायचं. ते बी भाजून कुटलं की कॉफीसारखं पेय होतं. आणि ओळख हवी, कारण तरोट्याचा जवळचा नातलग आहे कासुंदा. पश्चिम उत्तर प्रदेशात मुलं दगावत होती, त्यामागे कासुंद्याच्या बिया असल्याचं डॉक्टरांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिलं. तरोट्याला गोलसर पानांच्या तीन जोड्या, कासुंद्याची पानं टोकदार आणि जोड्या जास्त. हा फरक आईच्या मागे धुऱ्यावरून चालताना कळतो. जिच्याकडे ही ओळख आहे तिला आपण अडाणी म्हणत आलो, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता धुऱ्यावर तणनाशक फवारलं जातं. मजूर मिळत नाहीत, शेतकऱ्याचीही अडचण आहे. तरी एक विनंती: गावाजवळचा एखादा धुरा रोवणी आटोपेपर्यंत फवारू नका. फवारलाच, तर भाजी खुडायला येणाऱ्या बायकांना आधी सांगा.