वहिवाटीचा हक्क

जमिनीच्या व्यवहारात आपल्या भाषेने एक मोठा अर्थपूर्ण शब्द सांभाळून ठेवला आहे : वहिवाट. एखाद्याच्या बांधावरून पिढ्यानुपिढ्या माणसे जात-येत असली, म्हणून ती जमीन त्यांच्या मालकीची होत नाही; परंतु त्या वाटेवर त्यांचाही काही हक्क आहे, हे आपण मान्य करतो. हक्क केवळ मालकीतून नव्हे, तर दीर्घ वापरातूनही निर्माण होतो, ही त्यामागील जाण आहे. परंतु जी जमीन कुणा एकाची नसून सर्वांची आहे, तिच्यावरील वहिवाट कशी मोजावयाची? आणि त्या जाण्या-येण्याने ती जमीनच झिजू लागली तर? अमेरिकेतील घोडेस्वारांनी सार्वजनिक अरण्यभूमीतील आपल्या प्रवेशासाठी पन्नासहून अधिक वर्षे जो आग्रह धरला आहे, त्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येईल.

3 सप्टेंबर 1964 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तेथील अरण्यभूमी कायद्यावर स्वाक्षरी केली. सुमारे 91 लाख एकरांचे 54 प्रदेश त्या दिवशी संरक्षित झाले. आज अशा प्रदेशांची संख्या आठशेच्या वर गेली असून त्यांचे क्षेत्र अकरा कोटी एकरांहून अधिक आहे. या भूमीत रस्ता बांधावयाचा नाही, मोटार न्यावयाची नाही, यंत्राचा आवाज होऊ द्यावयाचा नाही. सायकललादेखील तेथे मज्जाव आहे. माणसाने तेथे पाहुण्यासारखे यावे आणि निघून जावे, ही त्यामागील कल्पना. तेथे पायी जाता येते, आणि घोड्यावरूनही जाता येते.

घोड्याला ही मुभा मिळाली, त्यामागे इतिहास आहे. वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांनी 1921 साली एका लेखात अशा राखीव भूमीची व्याख्या मांडली, तेव्हा तिचे माप ठरविताना त्यांनी ओझ्याच्या जनावरांचा आधार घेतला : सामान लादलेल्या जनावरांसह दोन आठवड्यांचा प्रवास जिच्यात सामावेल, एवढी ती विस्तीर्ण असावी. पुढे 1924 साली न्यू मेक्सिकोतील गिला हा प्रदेश याच विचारातून राखला गेला. ज्या प्राण्याच्या चालीने अरण्याची लांबी-रुंदी मोजली, तोच तेथे नकोसा ठरावा, हे घोडेस्वारांना अन्यायाचे वाटले, तर नवल नाही.

मग विरोध कशासाठी? घोड्याचे वजन चार-पाचशे किलो असते आणि ते चार लहान खुरांवर पेललेले असते. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात उंचावरच्या कुरणांवरील बर्फ उन्हाळा सुरू झाल्यावर वितळते. ती ओली, मऊ जमीन खुरांखाली खचते, ओढ्यांचे काठ ढासळतात. आणि तेथील उन्हाळा इतका आखूड, की खुडलेले गवत पुन्हा वाढावयास फारसे दिवस उरत नाहीत. बाहेरून आणलेल्या वैरणीतून परक्या तणाचे बी येऊन रुजण्याचा धोका निराळाच. म्हणून जनावरांच्या संख्येवर मर्यादा आल्या, चराईच्या तारखा ठरल्या, काही कुरणे बंद झाली. या मर्यादा वाढत वाढत एके दिवशी पूर्ण बंदीपर्यंत जातील, या भयाने 1973 साली माँटाना राज्याच्या फ्लॅटहेड खोऱ्यातील काही घोडेस्वार एकत्र आले आणि ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ ही संघटना जन्माला आली. आज ती राष्ट्रव्यापी आहे.

घोडेस्वारांच्या बाजूने जे सांगितले जाते, त्यात तीन युक्तिवाद मुख्य आहेत. त्यांची योग्यता सारखी नाही, म्हणून ते वेगवेगळे पारखणे बरे.

पहिला युक्तिवाद परंपरेचा : आमचे वाडवडील याच वाटांनी गेले. ही भावना खरी आहे. परंतु हक्काचा पाया म्हणून ती पुरेशी नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक घोडे घेऊन आले, त्यापूर्वी त्या काळच्या अमेरिकेत घोडा नव्हता. माणसे मात्र हजारो वर्षांपासून होती. ज्या फ्लॅटहेड खोऱ्यात ही संघटना जन्मली, तेथील सेलिश, कूटनाय आदी जमातींना 1855 च्या तहाने आपल्या भूमीचा फार मोठा भाग सोडून द्यावा लागला. वहिवाट हाच निकष मानला, तर आधी त्यांचे म्हणणे ऐकावे लागेल. जुनेपणाच्या तराजूत बसणाऱ्याने आपल्याहून जुन्या माणसालाही त्यात बसू दिले पाहिजे.

दुसरा युक्तिवाद दुर्बलांचा : ज्याचे गुडघे थकले आहेत, ज्याला पाठीवर ओझे पेलवत नाही, त्याने अरण्य केवळ चित्रात पाहावे काय? हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. माँटानातील दहा लाख एकरांचा बॉब मार्शल अरण्यप्रदेश ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते रॉबर्ट मार्शल दिवसाकाठी तीस-तीस मैल सहज चालत; परंतु सर्वांना तसे पाय लाभलेले नसतात. सर्वांच्या मालकीची भूमी जर धडधाकटांनाच पाहता येत असेल, तर ‘सर्वांची’ हा शब्द पोकळ ठरतो. तरीही येथे गरज आणि सोय यांत फरक करावा लागतो. जे खेचर वृद्धाचे बिऱ्हाड वाहते, तेच धडधाकट माणसाच्या घडीच्या खुर्च्या आणि खाण्यापिण्याच्या पेट्याही वाहून नेऊ शकते. दुर्बलांचे नाव पुढे करून सबळांनी आपल्या सुखसोयी पदरात पाडून घेणे ही जगाची जुनी रीत आहे.

तिसरा युक्तिवाद सेवेचा. अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2013 साली दाखवून दिले, की वनखात्याच्या ताब्यातील 1 लाख 58 हजार मैलांच्या पायवाटांपैकी जेमतेम चौथा हिस्सा खात्याच्या स्वतःच्या निकषांना उतरतो. अरण्यभूमीत यांत्रिक करवत सहसा वापरता येत नाही. वाटेवर कोसळलेला वृक्ष दोघांनी ओढावयाच्या करवतीने कापावा लागतो. ती हत्यारे, ते अन्नधान्य खेचरांच्या पाठीवर लादून, पदरमोड करून हे घोडेस्वार वाटा मोकळ्या करीत असतात. त्यांच्यावर टीका करणारा पदयात्रीही पुष्कळदा त्यांनीच मोकळ्या केलेल्या वाटेने चालत असतो. या श्रमांचे मोल मानलेच पाहिजे. परंतु गावच्या विहिरीतील गाळ जो उपसतो, त्याला विहिरीविषयी बोलण्याचा मान असतो. तिच्यावर कुलूप घालण्याचा, किंवा मनाला येईल तेवढे पाणी उपसण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. सेवेच्या मोबदल्यात मालकी मागितली, की ती मजुरी होते.

पदयात्रींची बाजूही याच कसोटीवर घासून पाहावी लागेल. 2009 साली ‘हाय सिएरा हायकर्स असोसिएशन’ ने सिक्वोया आणि किंग्ज कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानांतील जनावरांच्या व्यावसायिक तांड्यांविरुद्ध दावा लावला. अशा सेवा जेवढ्या आवश्यक तेवढ्याच असाव्यात, असे कायदा सांगतो. आणि ही आवश्यकता उद्यान प्रशासनाने नीट तपासली नाही, असा निर्णय न्यायालयाने 2012 साली दिला. तांडेवाल्यांचा त्या वर्षीचा हंगामच धोक्यात आला. तेव्हा काँग्रेसने तातडीने कायदा करून, अभ्यास पूर्ण होईपर्यंत परवाने देण्याची वाट मोकळी केली. ‘आवश्यक’ हा एवढासा शब्द. पण साऱ्या वादाचे मूळ त्यात आहे. माझी आवश्यकता मला नेहमीच उघड दिसते, दुसऱ्याची मात्र चैन वाटते. शांततेसाठी आलेल्या पदयात्रीला वाटेवरील लीद खुपते, आणि आपली ही नावड तो कुरणाच्या कैवाराच्या भाषेत मांडतो, असेही घडते. बुटांची गर्दीसुद्धा जमीन झिजवते. कुरणाला स्वतःची वाचा नाही. दोन्ही पक्ष त्याच्या नावाने बोलतात, म्हणून दोघांनीही जपून बोलावे.

या वादाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी त्याच फ्लॅटहेड परिसरात सापडते. आपल्याकडे उरलेल्या भूमीपैकी मिशन पर्वतरांगेचा भाग सेलिश व कूटनाय जमातींनी 1982 साली स्वतः होऊन अरण्यभूमी म्हणून राखला. तेथील मॅकडोनाल्ड शिखराच्या परिसरात ग्रिझली अस्वले उन्हाळ्यात पतंग आणि ठिपकेदार भुंगे खाण्यासाठी उंचावर जमतात. त्यांना निवांतपणा लाभावा म्हणून या जमाती सुमारे दहा हजार एकरांचा प्रदेश मध्य-जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत माणसांच्या वावरासाठी बंद ठेवतात. ज्यांच्यापासून इतके हिरावले गेले, त्यांनी हाती उरलेल्यातूनही काही काळ पाऊल मागे घ्यावे, ही गोष्ट विचार करावयास लावते. त्यांचा हक्क त्यामुळे उणा झाला नाही. उलट ती भूमी त्यांची आहे, हे त्या बंद वाटेवरूनच अधिक स्पष्ट दिसते. कारण आपले नसलेले राखावे असे सहसा कुणाला वाटत नाही.

सामायिक भूमीवरील हक्काची खरी परीक्षा येथे होते. मी येथे किती काळ वावरलो, किंवा मी येथे किती राबलो, एवढ्यावर ती संपत नाही. ही भूमी नीट राहावी म्हणून मी काय सोडावयास तयार आहे, हे विचारल्यावाचून तिचे उत्तर मिळत नाही. जाणत्या घोडेस्वारांना हे उमगलेले आहे. ते मोजकीच जनावरे नेतात, तणविरहित असल्याचा दाखला मिळालेली वैरण बरोबर घेतात, घोडा झाडाच्या खोडाला न बांधता दोन झाडांमध्ये उंच ताणलेल्या दोराला बांधतात आणि कुरण वाळेपर्यंत थांबतात. त्यांच्या बाजूचा हा सर्वांत सबळ पुरावा आहे, आणि तो न्यायालयात मांडावा लागत नाही.

म्हणून घोडेस्वारांना अरण्याची दारे सरसकट बंद करणे मला न्यायाचे वाटत नाही. तसे केल्यास थकल्या पायांची माणसे प्रथम बाहेर पडतील आणि वाटाही हळूहळू बुजून जातील. परंतु ‘वाट उघडी ठेवा’ एवढीच त्यांची मागणी असेल, तर ती अपुरी आहे. किती जनावरांनी, कोणत्या महिन्यात, कोणत्या कुरणापर्यंत जावे आणि कोठून परतावे, हे त्यांनी स्वतःच आधी सांगावे. आपल्या गावातील गायरान, तलाव, समुद्रकिनारा यांविषयी बोलताना आपल्यालाही हेच लागू पडते. तेथील आपला हक्क सांगणारे आपण पुष्कळ आहोत. आपली मर्यादा आपणहून सांगणारे किती, हे ज्याने त्याने मोजून पाहावे.