हृदयावर ठेवलेला हात

व्हिएतनाम देशात 'व्होव्हिनाम' नावाची एक युद्धकला आहे. ती शिकणारा विद्यार्थी आपल्या गुरूला, सोबत्याला आणि ज्याच्याशी दोन हात करायचे आहेत त्या प्रतिस्पर्ध्यालाही एकाच रीतीने वंदन करतो. उजवा पंजा उघडा करून तो छातीच्या डाव्या बाजूस, हृदयावर ठेवतो आणि लवतो. या वंदनाचा अर्थ त्या कलेचे उपासक मोजक्या शब्दांत सांगतात: पोलादी हात, दयाळू हृदयावर. घाव घालण्यासाठी कसून तयार केलेला हात घाव घालण्यापूर्वी हृदयाला विचारतो, असा त्यातील आशय आहे.

हे वंदन दिसावयास सुंदर आहे, परंतु ख्रिस्ती माणसाला ते एका जुन्या आणि अवघड प्रश्नापुढे उभे करते. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने सौम्य जनांना धन्य म्हटले आणि एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करावयास सांगितले. मग त्याच्या अनुयायाने मारण्याची विद्या शिकावी काय? आपल्या मुलामुलींना अशा वर्गांना पाठवणारे आईबाप हा प्रश्न अधूनमधून धर्मगुरूंना विचारतात आणि बहुधा त्यांना 'स्वसंरक्षणापुरते चालेल' एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. ते परवानगी देते. मात्र शिकून बळकट झालेल्या हाताचे पुढे काय करावयाचे, हे ते सांगत नाही. व्हिएतनामच्या भूमीवर या प्रश्नाची जी उत्तरे माणसांनी आपल्या आयुष्याने दिली आहेत, ती पाहण्याचा येथे विचार आहे.

व्होव्हिनामचा जन्म पारतंत्र्यात झाला. तिचे संस्थापक नुयेन लोक हे १९१२ साली उत्तर व्हिएतनाममधील सोन ताय प्रांतात जन्मले. देशावर तेव्हा फ्रेंचांची सत्ता होती. त्यांनी गावोगावच्या जुन्या कुस्तीचा, जिला तिकडे 'व्हात' म्हणतात, आणि परंपरागत युद्धविद्येचा अभ्यास केला. परक्या कलांतूनही जे पटले ते घेतले आणि १९३८ मध्ये हनोई येथे आपली पद्धती सिद्ध केली. 'व्हो' म्हणजे युद्धकला. हा शब्द आणि देशाचे नाव यांच्या जोडणीतून 'व्होव्हिनाम' हे नाव तयार झाले. झेप घेऊन दोन्ही पायांच्या कात्रीत प्रतिस्पर्ध्याची मान पकडावयाची आणि त्याला भुईवर लोळवावयाचे, हा तिचा डाव आज जगभर प्रसिद्ध आहे. परंतु नुयेन लोक यांची तळमळ डावपेचांपुरती नव्हती. 'मन आणि शरीर यांची क्रांती' हे त्यांचे ब्रीद होते. खचलेल्या शरीराचे आणि भ्यालेल्या मनाचे तरुण स्वतंत्र राष्ट्र उभारू शकणार नाहीत, हा विचार त्यामागे दिसतो.

या कलेची दोन अंगे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे कठोर आणि मृदू यांचा मेळ. आघाताला नेहमी आघातानेच भिडावे असे नाही. कधी वाकावे, कधी बाजूला व्हावे, समोरच्याचा जोर ओसरू द्यावा, आणि मग आवश्यक तेवढेच बळ लावावे. दुसरे अंग म्हणजे विद्यार्थ्याने मनात बाळगावयाची दहा तत्त्वे. इतर युद्धकलांचा आदर करावा, आपली विद्या स्वसंरक्षणासाठी आणि न्यायाच्या रक्षणासाठीच वापरावी, नम्र व उदार असावे आणि स्वतःवर ताबा ठेवावा, असे ती तत्त्वे बजावतात. चिनी लिपीत 'व्हो' या शब्दासाठी जे चिन्ह आहे, त्याची जुनी फोडही अशीच बोलकी आहे. 'थांबवणे' आणि 'भाला' या दोन चिन्हांतून ते बनले, असे परंपरा सांगते. भाषाशास्त्राला ही फोड मान्य होवो वा न होवो, उगारलेला भाला थांबवणे हेच युद्धकलेचे प्रयोजन आहे, असे पूर्वेकडील माणसांना शतकानुशतके वाटत आले, हे तिच्यावरून कळते.

आता शुभवर्तमानाकडे वळू. मत्तयाने नोंदवलेल्या वचनात 'उजव्या' गालाचा उल्लेख आहे, याकडे भाष्यकार लक्ष वेधतात. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारावयाचे तर हाताची मागची बाजू वापरावी लागते. तो मार प्राण घेण्यासाठी नसतो, मान खाली घालावयास लावण्यासाठी असतो. अपमानाची फेड अपमानाने करू नका, हा त्या वचनाचा गाभा होय. शेजारच्या घरात निराधार स्त्रीवर कोणी हात टाकत असताना दारात उभे राहून पाहत राहावे, असे त्यातून मुळीच निघत नाही.

स्वतः प्रभू काय करतो, तेही पाहण्याजोगे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात प्रमुख याजकापुढील चौकशीच्या वेळी एक शिपाई त्याला चपराक मारतो. प्रभू उलट हात उचलत नाही. पण निमूटपणे दुसरा गालही पुढे करीत नाही. माझ्या बोलण्यात काही वावगे असेल तर ते दाखव, नसेल तर मला का मारतोस, अशा आशयाचा प्रश्न तो त्या शिपायाला करतो. तो मारणाऱ्यातील माणसाला जागे करू पाहतो. त्याच रात्री, थोडे आधी, बागेत पेत्राने तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान कापला होता. कोळ्याच्या हातातील तो वार शौर्यापेक्षा भेदरलेपणाचा होता, असे वाटल्यावाचून राहत नाही. प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालावयास सांगितले आणि लूक म्हणतो त्याप्रमाणे त्या दासाचा कान आपल्या हाताने बरा केला. मत्तयाच्या वृत्तांतात तर तो शिष्यांना आठवण देतो की, मागितले असते तर पित्याने देवदूतांच्या बारांहून अधिक पलटणी पाठविल्या असत्या. म्हणजे बागेत पकडला गेलेला तो पुरुष असमर्थ नव्हता. त्याने आपले सामर्थ्य आवरले होते.

मराठीत 'हात आवरणे' असा फार चांगला वाक्प्रचार आहे. ज्याला हात उगारताच येत नाही त्याने हात आवरला, असे आपण कधी म्हणत नाही. आवरण्यासाठी आधी काहीतरी असावे लागते. सौम्यतेविषयी संत थॉमस अक्विनास यांनी केलेले विवेचनही याच दिशेचे आहे. त्यांच्या मते सौम्यता हा राग नाहीसा करणारा गुण नाही. रागाला विवेकाच्या मापात ठेवणारा तो गुण आहे. जेथे राग यावयास हवा तेथेही तो न येणे, याला ते दोषच मानतात. स्वसंरक्षणासंबंधी त्यांचे म्हणणे सर्वश्रुत आहे: आपला जीव वाचविण्याच्या हेतूने हल्लेखोराला परतविणे न्याय्य आहे, मग त्यात दुर्दैवाने त्याचा अंत झाला तरी, परंतु गरजेपेक्षा अधिक बळ वापरले तर तेच कृत्य अन्याय्य ठरते.

येथे 'माप' हा शब्द महत्त्वाचा आहे. न शिकलेल्या हाताला माप ठाऊक नसते. भ्यालेला माणूस एक तर पळतो, नाही तर गरजेच्या दसपट मारतो. रोजच्या सरावात सोबती आपले शरीर आपल्या हाती विश्वासाने देतो. त्याला इजा न होता डाव पुरा करावयाचा असतो, आणि उद्या त्याच्या हाती आपले शरीर द्यावयाचे असते. जो स्वतः शेकडो वेळा पडला आहे, त्याला दुसऱ्याला पाडणे म्हणजे काय ते कळते. या दृष्टीने पाहता युद्धकलेचे शिक्षण सौम्यतेची शाळा होऊ शकते, आणि ते घेणाऱ्या ख्रिस्ती तरुणतरुणींना कमी लेखण्याचे कारण नाही.

'होऊ शकते' असे म्हटले, कारण ते आपोआप होत नाही. हात पोलादी करण्याची कृती ठरलेली आहे. हृदय दयाळू करण्याची तशी ठरलेली कृती नाही. हात हृदयावर ठेवला तरी हृदयच कठीण असेल तर काय? या शंकेचे उत्तर व्हिएतनामच्या इतिहासात आहे आणि आपणा कॅथलिकांना ते झोंबणारे आहे.

तेथील ख्रिस्तसभा हुतात्म्यांच्या रक्तावर उभी आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९ जून १९८८ रोजी व्हिएतनामच्या ११७ हुतात्म्यांना संतपद बहाल केले. त्यांपैकी ९६ जण त्याच मातीतले होते. फान व्हियेत ह्वी, बुई दुक थे आणि दिन्ह दात हे तिघे त्यांत आहेत. हे तिघेही पेशाने सैनिक होते. मिन्ह मांग बादशहाच्या काळात ख्रिस्ती सैनिकांना क्रुसावर पाय देण्याची सक्ती झाली. छळ आणि फसवणूक यांपुढे या तिघांचाही निश्चय एकदा डळमळला. पुढे पश्चात्ताप होऊन त्यांनी आपली श्रद्धा पुन्हा उघडपणे सांगितली, दोघे तर त्यासाठी थेट राजधानी ह्वे येथे गेले, आणि तिघांनीही मरण पत्करले. शस्त्र चालवणे हाच ज्यांचा पेशा, त्यांनी विश्वासासाठी शस्त्र उचलले नाही.

अशा हुतात्म्यांचे वारस पुढे सत्तेवर आले. १९५५ मध्ये दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष झालेले न्गो दिन्ह दिएम हे निष्ठावंत कॅथलिक होते. त्यांचे थोरले बंधू ह्वेचे आर्चबिशप होते. १९६० मध्ये लष्कराचा एक उठाव फसल्यानंतर या राजवटीने युद्धकलांच्या वर्गांवर बंदी आणली. नुयेन लोक त्याच वर्षी वारले होते; त्यांचे शिष्य ले सांग यांना राजवट कोसळल्यानंतर, १९६४ मध्ये, वर्ग पुन्हा सुरू करता आले. सत्तेला शिकलेल्या हातांचे भय वाटते, ही बाब नवी नव्हे. परंतु त्याहून गंभीर गोष्ट १९६३ मध्ये घडली. मे महिन्यात ह्वे शहरात बुद्धजयंतीला बौद्धांनी आपला धर्मध्वज लावू नये असे फर्मान निघाले. काहीच दिवसांपूर्वी त्याच शहरात आर्चबिशपांच्या समारंभासाठी व्हॅटिकनचे ध्वज फडकले होते. निषेध करणाऱ्या जमावावर बळ वापरले गेले आणि माणसे मेली. ११ जून रोजी थिच क्वांग दुक या वृद्ध भिक्षूने सायगावच्या चौकात स्वतःला जाळून घेतले. नोव्हेंबरात लष्कराने सत्ता उलथवली आणि दिएम यांची हत्या झाली. त्या काळात साम्यवाद्यांचे आव्हान खरे होते, आणि दिएम यांच्या वैयक्तिक श्रद्धेवर शंका घेण्याचे कारण नाही. तरीही मिस्साबलिदानाला नित्य जाणाऱ्याच्या हाती सत्ता होती आणि तो हात आवरला गेला नाही, हे सत्य उरते. पूर्वजांनी सोसलेला छळ वंशजांच्या हृदयाला आपोआप मऊ करीत नाही.

आता एक शेवटचा आक्षेप. सौम्यतेसाठी आधी सामर्थ्य हवे असे म्हटले, तर आजारी, वृद्ध, बंदिवान यांचे काय? ज्यांच्या हाती काहीच नाही त्यांना सौम्यतेचे धन्यवचन लागू नाही काय? याचे उत्तर दिएम यांच्याच कुटुंबात सापडते. त्यांच्या बहिणीचे पुत्र फ्रान्सिस झेवियर नुयेन व्हान थुआन हे एप्रिल १९७५ मध्ये सायगावचे सहायक आर्चबिशप नेमले गेले आणि त्याच वर्षी नव्या राजवटीने त्यांना कैद केले. तेरा वर्षे ते बंदिवासात होते, त्यांपैकी नऊ एकांतवासात. औषध म्हणून धाडलेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्साबलिदान अर्पण करीत. त्यांचा तळहात हीच वेदी आणि तोच चषक होता. पहारेकऱ्यांशी ते इतक्या प्रेमाने वागत की ते त्यांचे मित्र होऊन जात. त्यांचा मावळ झाला नाही. २००१ मध्ये ते कार्डिनल झाले आणि २००२ मध्ये प्रभूकडे गेले. त्यांच्या हाती मारण्याचे बळ नव्हते. परंतु द्वेष करण्याचे बळ माणसाच्या हातून कोणीही काढून घेऊ शकत नाही. ते कैद्याकडेही असते, रुग्णाकडेही असते. तेच त्यांनी आवरले. म्हणून सौम्यतेचा सराव करण्यास कोणीही इतका दुबळा नसतो.

ले सांग यांनाही १९७५ नंतर दीर्घ काळ बंदिवास भोगावा लागला. ते २०१० मध्ये वारले, आणि पुढच्याच वर्षी आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत व्होव्हिनामचा प्रथमच समावेश झाला. ज्या देशाने गुरूला कोंडले, तोच देश आज त्याच्या विद्येची पदके अभिमानाने मिरवतो.

तेव्हा आईबापांना उत्तर द्यावयाचे ते असे: मुलांना अवश्य शिकू द्या. आपल्या मुलींना तर आवर्जून शिकू द्या. मात्र मूल तालमीतून घरी आल्यावर आज कोणता डाव शिकलास, एवढेच विचारू नका. आज कोणाला लागले, आणि त्याला उठवावयास तू हात दिलास काय, हेही विचारा. हात पोलादी करण्याचे काम गुरू करील. हृदयाचे काम घरातील प्रार्थनेत, जेवताना होणाऱ्या बोलण्यात आणि आपण स्वतः रागाच्या क्षणी काय करतो त्यात होत असते. तेथे आपण उणे पडलो, तर हृदयावर ठेवलेला हात नुसता नमस्कार उरेल.