तेव्हा उचलली असती तर

अमेरिकेतल्या सत्तरीच्या घरातल्या कुठल्याही गाडीवेड्याला भंगाराच्या यार्डांबद्दल विचारा, एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. मागच्या कुंपणाशी, कमरेएवढ्या गवतात एक डॉज चार्जर पडून होती. तोंड चेपलेलं, इंजिन आधीच कुणीतरी उतरवून नेलेलं. मालक किरकोळ पैसे मागत होता. ‘आणि मी नाही घेतली!’ एवढं बोलून तो कपाळावर हात मारतो.

चार्जरसारख्या या मसल कार म्हणजे तरुणांच्या खिशाला परवडणारा वेग. 1964 साली जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. जनरल मोटर्सच्याच पॉन्टियाकमधल्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी 389 घनइंचांचं इंजिन ‘जादा पैसे भरून मिळणारी सोय’ म्हणून टेंपेस्टमध्ये बसवलं आणि जीटीओ जन्माला आली. 1970च्या शेव्हेल एसएस या गाडीचं सर्वांत दांडगं इंजिन कागदोपत्री 450 हॉर्सपॉवरचं होतं. ब्रेक आणि टायर मात्र त्या मानाने बेताचेच. पुढे विमा कंपन्यांनी तरुणांचे हप्ते भरमसाट वाढवले, प्रदूषणाचे नियम आले, 1973च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. पेट्रोल पिणाऱ्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक उरलं नाही आणि यार्डं भरू लागली.

त्या यार्डांत शोध घेणं ही एक विद्याच होती. उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात; तिथल्या गाड्यांचा तळ गंजून चाळण झालेला असे. ॲरिझोनात पत्रा धड राही, पण उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला आणि सीटा उसवलेल्या. जाणता माणूस बॉनेट उघडण्याआधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत हात घाली. क्रायस्लरच्या कारखान्यात गाडी जुळवताना सोबत असलेला कागद पुष्कळदा तिथेच राहून गेलेला असे. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत तो पेट्रोलच्या टाकीवर सापडे. कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणता रंग, सगळं सांकेतिक आकड्यांत. उंदरांनी कुरतडलेल्या त्या कागदावर क्रायस्लरच्या दांडग्या हेमी इंजिनाचा आकडा निघाला, तर समोरचं भंगार एकदम खानदानी ठरे.

चेपलेलं तोंड मात्र फारसं कुणी वाचत नसे. खांबाच्या आकाराची खोक, मागे सरकलेलं स्टिअरिंग, काचेला डोक्याच्या उंचीवर पडलेली तड्यांची चांदणी. अशा गाडीच्या आसनावर कुणीतरी बसलेलं होतं, बहुधा विशीतलं. सुटे भाग काढायला आलेल्या मुलाचं लक्ष कार्ब्युरेटरवर. त्याचंही वय तेवढंच.

काही शोध खरोखर कादंबरीत शोभतील असे आहेत. ‘बुलिट’ या 1968च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन या नटाच्या पाठलागाच्या दृश्यासाठी दोन मस्टँग गाड्या वापरल्या होत्या. उड्या मारून खिळखिळी झालेली त्यातली एक भंगारात गेली असंच सगळे धरून चालले होते. ती 2017 साली मेक्सिकोत, बाहा कॅलिफोर्नियाच्या एका यार्डात सापडली, पांढऱ्या रंगाखाली दडलेली. तिची जोडीदारीण एका कुटुंबाने सांभाळली होती. जानेवारी 2020मध्ये लिलावात तिला 34 लाख डॉलरची बोली लागली.

असे आकडे ऐकले की ती जुनी हळहळ पुन्हा उफाळते. मला मात्र या हळहळीचा हिशेबच पटत नाही. 1971ची हेमी इंजिनाची, उघड्या टपाची कुडा ही गाडी मुळातच डझनभर, फार तर. तिचं दुर्मीळपण कारखान्यातलं. पण बाकीच्या बहुतेक गाड्या दुर्मीळ झाल्या त्या खांबावर आदळून, गंजून आणि यार्डातल्या दाबयंत्राखाली जाऊन. प्रत्येकाने तेव्हा आपापली चार्जर उचलून घरी नेली असती, तर आज तिला कोण लाखो डॉलर देणार होतं? तो म्हातारा ज्या किमतीसाठी हळहळतो, ती त्याच्यासारख्यांनी पाठ फिरवली म्हणूनच तयार झाली. शिवाय तेव्हा त्याला हवी होती कामावर नेणारी धडकी गाडी. त्याचा तेव्हाचा निर्णय शहाणपणाचाच होता.

भाव न बघता गाड्या ठेवून घेणारेही काही निघाले. जॉर्जियात, अटलांटाच्या उत्तरेला व्हाइट नावाच्या गावी एका कुटुंबाने 1931 साली दुकान काढलं, त्याचं पुढे यार्ड झालं, आणि दाबयंत्राकडे निघालेल्या गाड्याही मुलाने विकत घेऊन ठेवल्या. तिथे 34 एकर रानात चार हजारांहून अधिक गाड्या जमल्या, बहुतेक 1972 किंवा त्याआधीच्या, सगळ्या प्रकारच्या. काहींच्या बंपरमधून झाडं वर आली आहेत. ‘ओल्ड कार सिटी’ म्हणतात त्याला. तुमच्या मुलाकडे किंवा लेकीकडे अटलांटाला जाणं झालंच, तर ते उघडं आहे ना याची खात्री करून एक दुपार तिकडे काढा. आत जायला तिकीट असे; फोटो काढायचे असतील तर थोडं जास्त.