स्वगृही वाटणारे परकेपण

परदेशात दीर्घकाळ राहून मनुष्य स्वदेशी परततो, तेव्हा त्याला आनंद व्हावा अशी सर्वांची अपेक्षा असते. आरंभी तो होतोही. परंतु भेटीगाठींचे पहिले दिवस सरले की त्याच्या चित्तात एक विलक्षण खिन्नता उत्पन्न होते. रस्त्यावरील गोंगाट त्याला असह्य वाटतो. कचेरीत ‘उद्या या’ हे उत्तर ऐकून तो संतापतो. घरच्या बोलण्यात ज्या माणसांचा व प्रसंगांचा उल्लेख येतो, ती माणसे व ते प्रसंग त्याला ठाऊक नसतात. परदेशात आपण परके आहोत, हे त्याने केव्हाच स्वीकारले होते. पण स्वतःच्या घरी परके वाटावे, याला काय म्हणावे?

हा अनुभव केवळ आपल्याच देशातील लोकांचा आहे असे नव्हे. परदेशी राहून मायदेशी परतलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांचा अभ्यास करून गलाहॉर्न या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने १९६३ साली दाखवून दिले की, जाताना जसा मनाला धक्का बसतो तसाच परतल्यावरही बसतो, आणि पुन्हा एकदा जुळवून घ्यावे लागते. समाजशास्त्र या दुःखाचे वर्णन करते. परंतु त्याचे मूळ कोठे आहे आणि त्यातून कल्याण कसे साधावे, याचा विचार आपण गीतेच्या प्रकाशात केला पाहिजे.

जाताना मनुष्य घराचे एक चित्र मनात घेऊन जातो. त्या चित्रात आई कधी थकत नाही, अंगणातील झाड कधी वठत नाही, धाकटा भाऊ धाकटाच राहतो. प्रत्यक्ष घर मात्र काळाच्या अधीन असते. ते दररोज बदलत असते आणि परदेशी गेलेला मनुष्यही दररोज बदलत असतो. परतल्यावर तो समोरचे घर पाहत नाही, मनातल्या चित्राशी त्याची तुलना करीत बसतो. म्हणून त्याचे दुःख घराने दिलेले नसून त्या चित्रावरील ममतेने दिलेले असते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी पुत्र, स्त्री व गृह यांविषयीच्या अनासक्तीचा समावेश केला आहे. त्याचा अर्थ घर टाकावे असा नाही. घरावरील स्वामित्वाची भावना टाकावी, असा आहे.

या ममतेच्या पोटी अहंकारही दडलेला असतो. आखाती देशात पंधरा वर्षे राबून एखाद्याने बहिणींची लग्ने केली, घर बांधले. परतल्यावर त्याला दिसते की घरातील प्रत्येक गोष्ट भावाला विचारून होते. त्याच्या मनात येते, ‘सर्व मी केले आणि मलाच कोणी विचारीत नाही!’ त्याने केलेला त्याग खरा आहे, यात शंका नाही. परंतु मध्यरात्री आईला धाप लागली तेव्हा तिला दवाखान्यात घेऊन धावणारा तो भाऊच होता. पाठविलेल्या पैशाचा हिशेब राहतो; उशाशी काढलेल्या रात्रींचा हिशेब कोणी लिहून ठेवीत नाही.

येथे प्रभु रामचंद्रांचे चरित्र आठवावे. चौदा वर्षांनी परतताना ते एकदम अयोध्येत शिरले नाहीत. भरद्वाजांच्या आश्रमातून त्यांनी हनुमंताला पुढे पाठविले आणि आपल्या येण्याची वार्ता ऐकून भरताच्या मुद्रेवर कोणता भाव उमटतो, ते पाहण्यास सांगितले. इतक्या वर्षांत भरताचे मन राज्यात रमले असेल, तर त्यानेच ते करावे, अशी त्यांची तयारी होती. ज्यांचा अधिकार निर्विवाद होता, त्यांनीही अधिकार गृहीत धरला नाही. भरताने तर पादुका सिंहासनावर ठेवून राज्य केवळ ठेव म्हणून सांभाळले होते. परतणारा हक्क सोडण्यास सिद्ध होता आणि घरी राहिलेला हक्क परत देण्यास सिद्ध होता. म्हणूनच ती भेट मंगल झाली.

कोणी विचारील, मग परतलेल्या मनुष्याने येथील अस्वच्छता व अव्यवस्था मुकाट्याने सहन करावी काय? तसे नव्हे. समत्व म्हणजे दोषांकडे डोळेझाक नव्हे. महात्मा गांधी १८९३ साली दक्षिण आफ्रिकेस गेले आणि मधल्या दोन वास्तव्यांखेरीज तो काळ बाहेर काढून ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईस उतरले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना वर्षभर देश पाहावा व सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असा सल्ला दिला आणि गांधीजींनी तो पाळला. त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यातील घाण व दांभिकता पाहून त्यांना अत्यंत क्लेश झाले. परंतु दूषणे देत न बसता त्यांनी प्रायश्चित्त म्हणून स्वतःच व्रत घेतले : दिवसात पाचच पदार्थ खावेत आणि सूर्यास्तानंतर खाऊ नये. त्यांचे सहकारी तेथे मैल्यावर माती टाकण्याचे काम करीत होते. दोष दिसला की जीभ चालविण्याऐवजी हात चालविणे, हीच येथे कर्मयोगाची खूण होय.

म्हणून परतणाऱ्याने काही नियम मनाशी करावेत. ‘तिकडे असे नसते’ हे वाक्य काही काळ उच्चारू नये. घरातील एखादे लहानसे नित्यकर्म, जसे पाणी भरणे, बाजारहाट किंवा वृद्धांचे औषध, आपल्याकडे घ्यावे. सेवेने जितके लवकर आपलेपण येते तितके अधिकाराने येत नाही. आणि परदेशात लागलेली वक्तशीरपणासारखी चांगली सवय उपदेशावाचून आचरीत राहावी.

घरच्यांचेही कर्तव्य आहे. ‘तू फार बदललास’ असे म्हणून त्याला दूर लोटू नये. त्याने परमुलखात एकट्याने काढलेल्या सणावारांची विचारपूस करावी. त्याचे मौन म्हणजे गर्वच, असे समजू नये.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या प्रिय भक्ताला ‘अनिकेत’ म्हटले आहे. घरात राहूनही ज्याची बुद्धी घराला चिकटत नाही, तो अनिकेत. असा मनुष्य कोठेही परका होत नाही. कारण घर भगवंताचे आहे व आपण तेथे सेवेसाठी आलो आहोत, हे तो जाणतो. ही जाणीव परतणाऱ्यांच्या व वाट पाहणाऱ्यांच्या अंतःकरणात दृढ व्हावी, हीच श्रीहरीच्या चरणी प्रार्थना.