सांभाळणाऱ्या बाईचा पगार आणि आपला धम्म



रत्नागिरी शहरात आपल्या समाजातील कितीतरी घरांत आज पतिपत्नी दोघेही नोकरी करतात. घरी तान्हे मूल असते. मग शेजारची दोन घरे मिळून एकच बाई ठेवतात. ती दोन्ही मुले सांभाळते, पगार दोघे निम्मा-निम्मा देतात. व्यवस्था चांगली आहे. पण वर्ष उलटते, पगारवाढीचा विषय निघतो आणि पहिले घर म्हणते, "त्यांनी वाढवला तर आम्ही वाढवू." दुसरे घरही तेच म्हणते. अशा रीतीने दोन सज्जन घरे मिळून एक अन्याय करतात.

हा प्रश्न क्षुल्लक समजू नका. पुष्कळांचा चाकर असला की त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. महार वतनात सारा गाव धनी होता. हाक कोणीही मारावी, रात्री-अपरात्री धावावे. बलुते मात्र दारोदार मागावे आणि मिळेल ते घ्यावे. आपल्या कोकणात खोताची वेठ होती. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे आणि १९३७ साली खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. श्रमाचा मोबदला धन्याच्या मर्जीवर राहू नये, हेच त्यामागील तत्त्व. आज आपल्या घरातून देव्हारा गेला, बुद्धाची तसबीर आली. पण बाईला पगारवाढ तोंड वेंगाडून मागावी लागत असेल, तर खोत गेला कुठे? तो आपल्याच ओटीवर बसला आहे.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला सहा दिशांचा खरा अर्थ सांगितला. खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसे. त्यांना शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळोवेळी रजा द्यावी. ही पाच कर्तव्ये आहेत. यांत कोठेही दयेचा शब्द नाही.

मग वाढ किती द्यावी? आपल्याच पगारपत्रकाकडे पाहा. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वाढतो, शिवाय दरसाल शेकडा ३ ची वेतनवाढ मिळते. त्यासाठी कोणी साहेबापुढे हात जोडत नाही. बाई तांदूळ घेते तो त्याच बाजारातून. समजा, दोन्ही घरे मिळून तिला ८,००० रुपये देतात आणि वर्षात महागाई शेकडा ६ ने वाढली. तर ४८० रुपये ही वाढ नव्हेच. ती केवळ तूट भरून काढणे झाले. त्यावर शेकडा ३ प्रमाणे २४० रुपये, ही खरी वाढ. एकूण ७२०, प्रत्येक घराचा वाटा ३६०. काम वाढले असेल, म्हणजे रांगणारे मूल धावू लागले, दुसरे जन्मले, घरी परतायला तुम्हाला तासभर उशीर होऊ लागला, तर त्याचे पैसे वेगळे.

"दुसरी बाई कमी पैशांत मिळेल" असे कोणी म्हणेल. मिळेलही. पण दुसऱ्याच्या गरजेवर आपला भाव ठरविणे ही सम्यक् आजीविका नव्हे. "मुले तिला मावशी म्हणतात, ती घरचीच आहे" असेही म्हणतात. मावशी म्हटल्याने वाण्याची उधारी फिटत नाही.

आपली खरोखर ऐपत नसेल तर तसे उघड सांगा आणि तिचे तास कमी करा. तेवढ्याच पैशांत जास्त काम घेऊ नका. एका घराची अडचण असेल तर दुसऱ्याने आपला वाटा अडवून धरू नये.

येत्या पौर्णिमेला दोन्ही घरे एकत्र बसा. बाईलाही त्याच सतरंजीवर बसवा, हिशेब तिच्यासमोर मांडा, तिचे म्हणणे ऐका. भरपगारी रजा किती, आजारपणात काय, हेही तेव्हाच ठरवा. आणि आकडा तिने मागण्याआधी तुम्ही सांगा. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. ती विहारात म्हणायला सोपी असते. तिची परीक्षा महिन्याच्या एक तारखेला आपल्या उंबरठ्यावर होते.