मरणावरील पैज

सहकाऱ्याच्या मरणांत आपला लाभ असणें, एवढ्यानेंच मनुष्य अपराधी ठरतो काय? रॉबर्ट ऑल्ड्रिच यांच्या ‘टेन सेकंड्स टु हेल’ या १९५९ सालच्या चित्रपटानें हा प्रश्न आमच्यापुढें उभा केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त बर्लिनमध्यें परतलेले सहा जर्मन युद्धकैदी, न फुटतां राहिलेले बॉम्ब निकामी करण्याचें काम पत्करतात. तीन महिने प्रत्येकानें अर्धा पगार बाजूस ठेवावा आणि मुदतीअखेर जे जिवंत राहतील त्यांनीं ती रक्कम वाटून घ्यावी, अशी पैज ते लावतात. शेवटीं कोर्टनर व विर्ट्झ हे दोघेच उरतात; आणि विर्ट्झ बॉम्बाशीं झुंजणाऱ्या सोबत्याचाच जीव घेऊं पाहतो.

कोणी म्हणेल, करार राजीखुषीचा होता. फसवणूक कोणाचीच झाली नाहीं. हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. प्रत्येक मरणाबरोबर उरलेल्यांचा वाटा वाढत गेला कीं शोक करतांनाहि मनांत भागाकार होऊं लागतो. ज्याच्या जगण्यांत आपलें हित गुंतलेलें नाहीं, त्याच्या आयुष्यावर विमा उतरविण्यास इंग्लंडच्या पार्लमेंटनें १७७४ सालीं मनाई केली, ती असल्याच जुगारास आळा घालण्यासाठीं. तोच अर्धा पगार मृताच्या घरच्यांस द्यावयाचा असें त्या सहांनीं ठरविलें असतें तर? रक्कम तीच, धोकाहि तोच. पण एकाच्या मरणानें दुसऱ्याची थैली जड झाली नसती.

तथापि कोर्टनरहि त्याच पैजेंत होता, आणि त्यानें सोबत्याचा घात केला नाहीं. म्हणून लाभ असणें हाच अपराध, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु माणसाच्या सज्जनतेला रोज असा मोह घालणारी व्यवस्था जाणूनबुजून उभारणें, हा मात्र आमच्या मतें अपराधच होय.

हें काम अजूनहि संपलेलें नाहीं. जर्मनींतील गटिंगेन येथें २०१० सालीं महायुद्धांतील एका बॉम्बानें तिघां कामगारांचा बळी घेतला. जेथें एकाचा जीव दुसऱ्याच्या हातीं असतो, तेथें विश्वास हेंच पहिलें हत्यार. आपल्या घरीं बॉम्ब नसतील. पण वडिलांच्या आजारपणांत वांटणीचा हिशेब मनांत आला, तर तो भागाकार तेथेंच थांबविणें आपल्या हातीं आहे.